विषमला थोरली, समला धाकटी

आमच्या सरांकडे जायचं तर आधी कॅलेंडर पाहावं लागे. पंचांग नव्हे, साधं भिंतीवरचं कॅलेंडर. तारीख विषम असली की सर थोरल्या पातीचे आणि सम असली की धाकट्या पातीचे. एकोणीस तारखेला ज्या मतासाठी त्यांनी टेबलावर मूठ आपटली, त्याच मताची वीस तारखेला ते अशी सालटी काढत, की कालचा माणूस नक्की कोण होता असा प्रश्न पडावा. एकतीस आणि एक या दोन्ही तारखा विषम. म्हणजे थोरलीला लागोपाठ दोन दिवस मिळतात आणि धाकटीवर अन्याय होतो. म्हणून एकतीस तारखेला सर व्याकरणाबद्दल चकार शब्द काढत नसत. त्या दिवशी ते क्रिकेटवर बोलत, आणि त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे.

पात्या कसल्या, ते सांगते. संस्थानिकांच्या घराण्यात भावाभावांची वाटणी झाली की थोरली पाती आणि धाकटी पाती होते ना, तशी आमच्या सिद्धान्ताचीही झालेली होती. नावं सरांनीच ठेवलेली. सिद्धान्त सांगायला तसा सोपा आहे. व्याकरण म्हणजे चूक काय आणि बरोबर काय याची यादी नाही. बोलणारा माणूस पावलोपावली निवड करत असतो: हे म्हणू की ते, आधी हे की आधी ते, अरे म्हणू की अहो. या सगळ्या निवडींचा नकाशा म्हणजे व्याकरण. आणि कुठलंही वाक्य एकाच वेळी तीन कामं करतं. काय घडलं ते सांगतं, ऐकणाऱ्याशी नातं ठेवतं, आणि मागच्या बोलण्याला पुढचं जोडून घेतं. इथपर्यंत दोन्ही पात्या गुण्यागोविंदाने नांदतात.

भांडण पुढे आहे. थोरली पाती वाक्याखाली तीन ओळी आखते, एकेका कामाची एकेक. धाकटी म्हणते, कामं तीन असली तरी ती निवड करताना. तोंडातून बाहेर पडतं ते वाक्य एकच, मग त्याचे तीन तुकडे कशाला? एकच झाड काढा आणि सगळं त्याच्या फांद्यांवर दाखवा. झालं, एवढंच. एवढ्यावरून परदेशातले मोठमोठे विद्वान एकमेकांना जाडजूड पुस्तकांतून उत्तरं देत आले आहेत, आणि नाशिकमध्ये आमचे सर एकटेच दोन्हीकडून भांडत होते.

मी तेव्हा सिन्नरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन आणि मे महिन्यात हरी हरी. पीएच.डी. झाली तर कायम जागेसाठी अर्ज करता येईल, एवढ्याच स्वार्थाने मी नाव नोंदवलं. व्याकरणाचं प्रेम वगैरे म्हणाल तर शून्य. नाशिकच्या एका संशोधन केंद्रात सर मार्गदर्शक होते आणि त्यांच्याकडे जागा रिकामी होती. ती का रिकामी होती हे मला नंतर कळलं.

पहिल्या भेटीत त्यांनी माझे गुण विचारले नाहीत. विषय विचारला नाही. "भांडता येतं का?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "सर, मी रोज द्वारकेवरून काळी-पिवळीने सिन्नरला जाते."

"मग चालेल," म्हणाले आणि लगेच सही केली.

तेव्हा मला वाटलं, काय भला माणूस आहे, किती पटकन सही करतो! माणसाचा अंदाज चुकावा तरी किती.

काळी-पिवळीवरूनच माझा विषय निघाला. नाशिकच्या द्वारका चौकात सिन्नरच्या काळ्या-पिवळ्या जीप लागतात तिथे चालक ज्या आरोळ्या देतात, प्रवाशांशी जे बोलतात, ते गोळा करायचं आणि दोन्ही पात्यांच्या पद्धतीने मांडून पाहायचं. कोणत्या पद्धतीने त्या बोलण्याचा अर्थ जास्त चांगला लागतो? हा माझा प्रबंध. सर पहिल्याच आठवड्यात स्वतः माझ्यासोबत द्वारकेला आले. अंगात दोन खिशांचा बुशशर्ट, एका खिशात तांबडं पेन, दुसऱ्यात हिरवं, हातात छोटा रेकॉर्डर आणि वही. उड्डाणपुलाखाली उभे राहून ते प्रत्येक जीपकडे बघून काहीतरी टिपून घ्यायला लागले. पाच मिनिटांत चमत्कार झाला. ज्या द्वारकेवर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही तिथे जीपचा अख्खा तळ गप्प झाला. हा कुणीतरी सरकारी माणूस जादा प्रवासी मोजायला आलाय, असं ठरवून चालकांनी आरोळ्या बंद केल्या आणि मागच्या सीटवरची चौथी माणसं खाली उतरवली.

त्यांच्यातला गोरख नावाचा एक चालक मला ओळखत होता. तो हळूच जवळ आला. "म्याडम, हे सायब कोन? आमची लायसनं बघत्यात का?"

"नाही हो. तुम्ही कसे बोलता ते लिहून घ्यायचंय."

"आमचं बोलनं?" गोरख हसला. "आमच्या बोलन्यात काय हे? आमच्या घरी बी कोन ऐकत नाय."

पण त्याने बाकीच्यांना सांगितलं आणि तळ पुन्हा बोलता झाला. गोरख मुद्दाम आमच्यासमोर उभा राहून ओरडला, "चला ताई, सिन्नर, सिन्नर, बसा, निघालीच गाडी!"

सरांनी वाक्य लिहिलं. त्या दिवशी तारीख विषम असणार, कारण त्यांनी त्याखाली तीन ओळी आखल्या. मग मला विचारलं, "गाडी निघाली आहे का?"

"नाही सर. अजून पाच सीटं भरायचीत. अर्धा तास हलणार नाही."

"हे त्याला माहीत आहे?"

"आहे."

"तुला माहीत आहे?"

"आहे की."

"रोज माहीत असतं, तरी रोज बसतेस. का बसतेस?"

मी विचार केला. "तो ताई म्हणतो म्हणून असेल."

"लिही," सर म्हणाले. "पहिल्या ओळीत, माहिती खोटी. दुसऱ्या ओळीत, नातं खरं. आणि तिसरी ओळ बघ, सिन्नर आधी, बसा नंतर. आधी तुझं गाव सांगून तुला थांबवलं, मग बसवलं." गोरख खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला सरांनी तिन्ही ओळी समजावून सांगितल्या. त्याने वहीतल्या आपल्या वाक्यावरून बोट फिरवलं.

"म्हंजी, सर, मी एवढं समदं बोललो?"

"तू याच्याहून जास्त बोललास. मला एवढंच सापडलं."

त्यानंतर द्वारकेला सरांना जागेवर चहा यायला लागला. गोरखने सगळ्या चालकांना सांगून ठेवलं होतं, की हे सर आपल्या बोलण्याला लय मानतात.

सरांची एक जुनी स्कूटर होती. तिच्यावर मागे बसायला केंद्रातलं कुणी तयार नसे, कारण बोलताना सर मान वळवून मागच्याच्या तोंडाकडे बघत. वाद आहे तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून केला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एकदा द्वारकेवरून केंद्रात जाताना मी नाइलाजाने बसले. मुंबई नाक्याच्या सिग्नलला ते पूर्ण वळून मला झाडाच्या फांद्या समजावू लागले तेव्हा मी जीव मुठीत धरून गुपचूप उतरले. सिग्नल सुटला आणि सर निघून गेले. मी मागून रिक्षाने पोचले तर आमचे शिपाई भाऊसाहेब दारातच हसत उभे. म्हणाले, "म्याडम, सर आल्या आल्या मला म्हनले, तिने शेवटच्या मुद्द्याला उत्तरच दिलं नाय."

घरीही तेच. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, त्या सिव्हिलमध्ये नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. अतिशय शांत बाई. मला एकदा पोहे वाढता वाढता म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पोहे छान झालेत असं एकदा सरळ म्हणतील तर शपथ. म्हणतात, या वाक्यात तीन कामं आहेत, तुला त्यातलं कुठलं हवंय?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, चौथं. ताट उचला."

सर मान खाली घालून ताट घेऊन आत गेले. जाताना वहीत काहीतरी टिपलं मात्र.

आता माझी हुशारी सांगते. तेव्हा मला तिचा फार अभिमान होता. सरांचं तारखेचं गणित लक्षात आल्यावर मी दोन फायली केल्या. एक पिवळी, एक निळी. पिवळीत तीन ओळींची प्रकरणं, त्यात थोरल्या पातीची बाजू घेतलेली. निळीत झाडांची प्रकरणं, धाकटीच्या बाजूची. केंद्रात शिरताना मी आधी भाऊसाहेबांना विचारायची, "आज काय?" ते म्हणायचे, "इषम हे म्याडम, पिवळी काढा." मी पिवळी फाईल घेऊन आत जायची. सर वाचायचे, मान डोलवायचे आणि "ठीक, पुढे" म्हणायचे. आठवडाभराने सम तारखेला निळी. पुन्हा "ठीक, पुढे." बाकीचे विद्यार्थी रडत बाहेर यायचे आणि मी हसत. पाच वर्षांत सर माझ्यावर एकदाही चिडले नाहीत. या माणसाला कसं सांभाळायचं ते मला बरोबर जमलंय, असं मी घरी सांगत असे.

प्रबंध द्यायच्या आधी एक सादरीकरण करावं लागतं. समितीपुढे उभं राहून आपलं काम सांगायचं, त्यांनी होकार दिला की प्रबंध बांधायला टाकायचा. माझं सादरीकरण अकरा डिसेंबरला ठरलं. विषम. मी पिवळ्या फाइलीतून सगळं तयार केलं, सरांना दाखवलं, तेही विषम तारखेलाच. सर "ठीक" म्हणाले. दहा तारखेला संध्याकाळी केंद्रातून फोन आला, की प्राचार्यांची बैठक निघाल्यामुळे उद्याचं सादरीकरण परवा होईल. मी म्हटलं, बरं झालं, साडी इस्त्रीला देता येईल. दुसरा कुठलाही विचार माझ्या डोक्यात आला नाही.

बारा तारखेला समितीसमोर माझं वीस मिनिटं छान झालं. बाहेरगावाहून आलेल्या अध्यक्ष बाई हसून मान हलवत होत्या. मग त्यांनी रीत म्हणून विचारलं, "मार्गदर्शकांना काही बोलायचंय?"

सर उठले. वही उघडली. "पान बावन्न. तीन ओळींशिवाय जीपचालकाच्या वाक्याचा अर्थ लागत नाही. असं कोण म्हणतं?"

मला अजूनही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "मी म्हणते, सर."

"कशावरून?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, की कालपर्यंत तुम्हीच म्हणत होता. तेवढ्यात अध्यक्ष बाईंच्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे माझं लक्ष गेलं. बारा तारीख. सम. सरांनी एकामागून एक अकरा प्रश्न विचारले. एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. पाच वर्षं मी दोन्ही पात्यांचं लिहिलं होतं, पण एकीसमोर दुसरीला उभं कधी केलंच नव्हतं. पिवळी आणि निळी फाईल एका दिवशी एका टेबलावर कधी आलीच नव्हती.

अध्यक्ष बाई गोंधळून म्हणाल्या, "सर, ही तुमचीच विद्यार्थिनी ना?"

"म्हणूनच विचारतोय," सर म्हणाले आणि बसले.

समितीने लिहून दिलं, की शेवटचं प्रकरण पुन्हा लिहावं आणि त्यात निष्कर्ष विद्यार्थिनीचा स्वतःचा असावा. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. माझ्या नोंदणीची मुदत सोळा फेब्रुवारीला संपत होती. ती आधी एकदा वाढवून घेतलेली, आता वाढणार नव्हती. सोळाच्या संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध गेला नाही तर पाच वर्षं पाण्यात. आणि आमच्या सिन्नरच्या कॉलेजात कायम जागेची जाहिरात नुकतीच निघाली होती. आणि प्रबंधावर मार्गदर्शकाची सही असल्याशिवाय कार्यालय तो हातातही घेत नाही.

मी नवं प्रकरण लिहिलं. फार विचार करून, कुणालाही दुखवायचं नाही असं ठरवून लिहिलं. दोन्ही पात्या आपापल्या जागी उपयुक्त आहेत, थोरलीचे अमुक गुण, धाकटीचे अमुक गुण, दोन्हींचा समन्वय व्हावा. सम-विषम कुठल्याही तारखेला चालेल असं. सरांनी ते परत पाठवलं. वर तांबड्या पेनाने एकच ओळ: "हे प्रकरण नव्हे, हा लग्नातला अहेर आहे. दोन्हीकडे सारखा."

मग मी घाबरून पुन्हा जुनंच सुरू केलं. विषम तारखेला थोरलीचा निष्कर्ष नेला. सर म्हणाले, "ठीक. उद्या पुन्हा आण." उद्या सम. उद्या त्याच्या चिंध्या. मी रातोरात बदलून धाकटीचा केला आणि पुढच्या विषम तारखेला त्याच्या चिंध्या. जानेवारी असाच गेला. एकदा मी हात जोडून म्हटलं, "सर, तुम्ही सांगा ना काय लिहू ते. तुम्ही म्हणाल तसं लिहिते." त्यावर सर कागद माझ्याकडे सरकवून खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी रागाने त्यांच्या घरी गेले. सर घरी नव्हते. मग सगळा राग काकूंवर निघाला. हा कसला मार्गदर्शक, रोज पलटी मारतो, लोकांच्या पोटापाण्याशी खेळतो, असं मी वाट्टेल ते बोलले. काकूंनी मला पाणी दिलं. मग कपाट उघडलं. आत घडी केलेल्या कोऱ्या चादरी रचलेल्या होत्या.

"या बघ. मालेगावचा एक मुलगा ह्यांचा विद्यार्थी होता. फार हुशार. तेव्हा हे तारखेचं काही नव्हतं. हे पक्के थोरल्या पातीचे होते आणि तोही. हे जे म्हणतील ते तो ह्यांच्यापेक्षा चांगलं लिहायचा. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्याला विचारलं, हे झालं तुमच्या सरांचं मत, तुमचं काय? तर तो ह्यांच्याकडे बघायला लागला. उत्तरासाठी. सगळ्या सभागृहासमोर. परीक्षक हसले." काकूंनी कपाट लावलं. "त्याला पुन्हा लिहायला सांगितलं होतं, पण त्याने नाद सोडून दिला. आता मालेगावात कापडाचा धंदा आहे, बरं चाललंय. दर दिवाळीला ह्यांना चादर पाठवतो, अगदी मायेने. हे एकही वापरत नाहीत. म्हणतात, हा मुलगा मी खाल्ला. तेव्हापासून हे सम-विषम. आपलं मत काय ते विद्यार्थ्याला कळूच द्यायचं नाही, म्हणजे तो आपल्याकडे बघणार नाही."

पाच वर्षं मी काय केलं होतं? रोज दारात शिपायाला विचारून सरांकडेच बघत आत जात होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

द्वारकेला आले तर गोरखचीच गाडी लागलेली. मी पुढे बसले. बाहेर डोक्यावर बोचकं घेतलेली एक म्हातारी घाईघाईने येत होती. गोरख ओरडला, "चला आजी, सिन्नर, निघालीच गाडी!"

म्हातारी धापा टाकत म्हणाली, "निंघाली का रं खरंच?"

"निंघालीच व्हती. तुमच्यासाठीच थांबवली."

दोन्ही गोष्टी धडधडीत खोट्या. मागची सीट अजून पूर्ण रिकामी होती आणि ती म्हातारीलाही दिसत होती. "लय गुनाचा हायेस," असं म्हणून ती खुशीत चढून बसली.

आणि मला माझं म्हणणं सापडलं. तीन ओळी हव्यातच, कारण झाडात ते "आजी" एका बारक्या फांदीवर लटकतं आणि इथे तर सगळं वाक्य त्याच्याचसाठी उभं आहे. पण थोरल्या पातीचंही चुकतंय. ती तिन्ही ओळी सारख्या उंचीच्या आखते. गोरखच्या बोलण्यात त्या सारख्या नाहीत. नात्याच्या ओळीसाठी माहितीची ओळ मागे सरते, आणि दोघांनाही ते मान्य असतं. कोण कोणासाठी मागे सरतं, हे दोन्ही पात्या दाखवत नाहीत. गाडी सुटेपर्यंत मी पर्समध्ये सापडलेल्या कॉलेजच्या एका सूचनापत्रकाच्या मागच्या बाजूला अर्धं प्रकरण लिहून काढलं होतं. म्हातारीने मला पेढा दिला, तो मांडीवर तसाच राहिला.

पंधरा तारखेला मी ते नेलं. विषम. सर तीन ओळींपाशी खूश झाले, मग "सारख्या नाहीत" पाशी थांबले आणि तुटून पडले. थोरल्या पातीचा पायाच तू उखडतेस, तीन कामांत लहानमोठं ठरवणारी तू कोण, हे एका जीपतळावरून ठरवणार का? दोन तास चाललं. एरवी मी कधीच "बदलते, सर" म्हटलं असतं.

"नाही बदलणार," मी म्हटलं.

"मग उद्या ये."

"सर, उद्या शेवटचा दिवस आहे."

"मला माहीत आहे."

सोळाला दोन वाजता मी बांधलेल्या प्रती घेऊनच गेले. सहीचं पान तेवढं कोरं. दारात भाऊसाहेब म्हणाले, "म्याडम, आज सम हे. निळी आनली ना?"

"एकच आहे, भाऊसाहेब. कालचीच."

"अरे देवा," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

सर त्या दिवशी धाकट्या पातीचे होते आणि ते इतकं सुरेख बोलले, की मला क्षणभर वाटलं, खरंच झाडच बरोबर. फांदी बारीक म्हणून काम बारीक असं कोण म्हणालं, निवड करतानाच त्या "आजी"ला सगळा मान मिळालेला असतो, तू तो कागदावर शोधतेस ही तुझी चूक. मी म्हटलं, सर, निवड गोरखच्या मनात होते, ती मला दिसत नाही आणि तुम्हालाही दिसत नाही. दिसतं ते वाक्य, मग वाक्यातच दाखवा. त्यांनी मुद्दा फिरवला, मीही फिरवला. माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. बाहेर लोक जमले असावेत. शेवटी त्यांनी एक प्रश्न असा विचारला, की तू म्हणतेस ती ओळींची उंची मोजायची कशी? मी अडकले.

"याचं उत्तर माझ्याकडे नाही," मी म्हटलं. "पण तेवढ्यासाठी मी माझं म्हणणं सोडणार नाही. उत्तर नाही, असं लिहून ठेवते." आणि शेवटच्या पानाच्या समासात मी पेनाने ते लिहिलं, चारही प्रतींवर.

भाऊसाहेबांनी दार ढकललं. "सर, हापिस पाचला बंद होतं. पावने पाच झाले."

सरांनी चष्मा काढला आणि बुशशर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, संपलं. आता घरी काय सांगायचं याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करायला लागले.

"तुझा निष्कर्ष मला मान्य नाही," सर म्हणाले. "कालही नव्हता, आजही नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सही कुठे करायची?"

मला रडू कोसळलं. मी पान उघडून जागेवर बोट ठेवलं.